‘ऐकते’ असा कॉलम नाही

आमच्या डिपार्टमेंटचा रिपोर्ट छापून आला, त्याला गुळगुळीत कव्हर मिळालं, तरी रेखा आणि मी टपरीवर चहाला बसलो की त्यातलं एक अक्षर बोलत नाही. बोलतो ते रिपोर्टात न आलेलं! दीड वर्ष लोकांच्या दारात उभं राहिलं की असल्या गोष्टी साठतच जातात. आणि खरं सांगू? त्यातल्या निम्म्या आठवल्या की हसू यायच्या आधी डोकं फिरतं.

मी चिंचवडच्या एका कॉलेजात मास मीडिया शिकवते. अभ्यासाचा विषय मोठा होता – ‘आशियाई समाजांवर प्रसारमाध्यमांचा सांस्कृतिक प्रभाव’. कोरियातलं एक विद्यापीठ आणि आपण, असा जोडप्रकल्प. आपल्या वाट्याला पिंपरीपासून चाकणपर्यंतचा पट्टा. कागदावर टीम भलीमोठी, प्रत्यक्षात फिरणाऱ्या दोघीच. एक मी, दुसरी आमची रिसर्च असिस्टंट रेखा. रेखा पिंपरीतच वाढलेली, वडील कंपनीतून रिटायर झालेले, आणि तोंडाने एकदम सडेतोड. आमचे विभागप्रमुख, म्हणजे सर, समाज बघायचे तो एसी केबिनच्या काचेतून.

*

प्रश्नावली कोरियाहून इंग्रजीत आली. सरांनी ती मोबाइलवर टाकून मराठी करून घेतली आणि एकदाही न वाचता छापायला दिली!

प्रश्न चौदावा असा: ‘आपल्या पाळीव श्वानास भ्रमणास नेताना आपण कोणती ध्वनिसामग्री श्रवण करता?’

चाकणजवळच्या एका वस्तीत एक मावशी कंपनीच्या पोरांसाठी मेस चालवायच्या. पोळ्या लाटता लाटता उत्तरं देत होत्या. हा प्रश्न मी आधी मनातल्या मनात मराठीत आणला आणि मग विचारला, “मावशी, कुत्र्याला फिरवायला नेताना काय ऐकता?”

मावशींचं लाटणं थांबलं. “अवो बाई, हितं आमी कुत्र्याला न्हाई फिरवत. कुत्री आमाला फिरवत्यात! बस चुकली तर पार नाक्यापत्तोर!”

मी तणतणत सरांकडे गेले. म्हटलं, हा प्रश्न काढा, लोक हसतायत आम्हाला. सर म्हणाले, “काढता येणार नाही. तिकडेही हाच आहे, तुलना बिघडेल. तुम्ही ‘लागू नाही’ लिहा.”

मग आम्ही पानंच्या पानं ‘लागू नाही’ लिहीत सुटलो. एक दिवस रेखा गठ्ठा टेबलावर आपटत म्हणाली, “मॅडम, आपल्या एरियात सगळ्यात जास्त चालणारी मालिका कुठली, लिहून टाका – ‘लागू नाही’!”

*

मोशीला एका खोलीत नवरा-बायको राहायचे. परभणीकडचे, दोघंही तरुण. मुलाखत बायकोची होती. फॉर्मवर तसं स्पष्ट लिहिलेलं. पण खुर्चीवर बसला नवरा!

मी विचारलं, “ताई, तुम्ही काय काम करता?”

नवरा म्हणाला, “काही नाही, घरीच असती.”

बाई समोर उभी होती. अंगात कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र!

“कोणती मालिका बघता?”

“ती नाही बघत मालिका-बिलिका. बातम्या बघतो आम्ही.”

वीस मिनिटांत त्या बाईने तोंड उघडलं ते फक्त “चहा टाकू का?” एवढं विचारायला. निघालो तेव्हा ती चपला शोधायच्या निमित्ताने आमच्यामागे जिन्यापर्यंत आली आणि भराभरा बोलून गेली, “मॅडम, लिहून घ्या. मी मालिका ऐकते. कंपनीच्या बसमध्ये पुढच्या सीटवरची पोरगी मोबाइलवर बघती. मी मागं बसून ऐकते. सहा महिने झाले. हिरोईन दिसायला कशी आहे ते मला माहीत नाही, पण तिचा पाय जिन्यावरून उतरताना वाजला तरी मला कळतं.”

मी ते शब्दन् शब्द लिहून सरांपुढे ठेवलं. सरांनी चष्मा वर केला. “छान आहे हो. पण ‘ऐकते’ असा कॉलम नाही आपल्याकडे. ‘पाहत नाही’मध्ये टाका.”

“सर, ती रोज तास-तासभर ऐकते!”

“म्हणूनच म्हणतो. पाहत नाही ना?”

टाकलं ‘पाहत नाही’मध्ये. माझ्या हाताने टाकलं, हे जास्त झोंबतं.

*

मंगलताई भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये वीस वर्षं पत्रा कापायच्या प्रेस मशिनवर आहेत. त्यांच्या घरी तेव्हा एक मालिका जोरात चालू होती. त्यात सून सासऱ्यांची बुडती फॅक्टरी वाचवते. फॅक्टरीत जाते ती भरजरी साडी नेसून, केस मोकळे सोडून! आणि चालत्या मशिनवर हात ठेवून डायलॉग मारते.

मंगलताई टीव्हीवर ओरडल्या, “अगं सटवे, केस बांध आधी! बेल्टमध्ये गेले म्हणजे? आणि पायात सेफ्टी शूज कोण तुझा बाप घालणार?”

आम्ही पोट धरून हसलो. मग मी फॉर्ममधला प्रश्न विचारला. “ताई, मालिकेतली कोणती गोष्ट खऱ्या आयुष्यासारखी वाटते?”

त्या म्हणाल्या, “परवाच्या भागात एका कामगाराला मशिन लागलं. मालक रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसला. रडला सुद्धा. मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू?”

मग त्यांनी उजवा हात पुढे केला. दोन बोटं पेरापासून नव्हती.

“माझं झालं त्याला आता नऊ वर्षं झाली. मालक कोण, तो दिसतो कसा, मला अजून माहीत नाही.”

रेखाने फॉर्म मिटला. त्या दिवशी आम्ही पुढच्या घरी गेलोच नाही.

*

देहूला गेलो तो दिवस तर विसरता येत नाही. इंद्रायणीवर पांढरा फेस आला होता. कमरेएवढा, तरंगत तरंगत काठाला लागलेला. लांबूनच वास नाकात घुसत होता. आणि काठावर पाच-सहा जोड्या, मोबाइल वर धरून! एक मुलगी लाल ओढणी उडवत हळूहळू चालत होती, तिचा मित्र ओरडत होता, “एकदम काश्मीर फील येतोय! फेस हातात घे! फुंकर मार!”

बाजूला एक म्हातारबाबा म्हैस घेऊन उभे होते. म्हैस पाण्याकडे जायला तयार नव्हती.

रेखा न राहवून त्या मुलाला म्हणाली, “अरे भावा, हा बर्फ नाही, केमिकलचा फेस आहे. अंगाला खाज सुटेल.”

तो म्हणाला, “ताई, माहितीय. पण व्हिडिओत कुठं कळतंय?”

मी बाबांना विचारलं, “बाबा, ही मुलं रोज येतात?”

“फेस आला की येत्यात. फेस न्हाई तर कुनी येत न्हाई.” बाबांनी म्हशीचं दावं ओढलं आणि माघारी वळले. “त्यांचं बराय. त्या फोनला वास येत न्हाई.”

सरांनी या भेटीचं रिपोर्टात काय केलं माहितीय? ‘नव्या माध्यमांमुळे तरुणांचे नदीशी नाते दृढ होत आहे.’ पान एकोणचाळीस. मी स्वतः वाचलंय!

*

हा पुढचा प्रसंग सांगताना मला माझीच लाज वाटते.

एका लहान कारखान्यात छप्पर कोसळून तिघे जखमी झाले होते. आम्ही दोघी रेखाच्या आत्याला बघायला पिंपरीत हॉस्पिटलला गेलो होतो. गेटबाहेर कॅमेरे. त्यातल्या एका जखमी मुलाची आई फुटपाथवर बसून रडत होती. एक रिपोर्टर तिच्यासमोर उकिडवा बसलेला.

तो म्हणाला, “मावशी, साउंड आला नाही. परत एकदा बोला ना. मघाशी जसं रडत बोललात तसंच.”

ती बाई खरंच डोळे पुसून म्हणाली, “मगाशी काय म्हनले व्हते मी?”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तरातरा पुढे गेले. तेवढ्यात त्याने मान वळवली आणि त्याचा चेहरा फुलला. “मॅडम! ओळखलंत का? तुमच्याच बॅचचा मी!” वाकून नमस्कारसुद्धा केला. कॅमेरावाल्याला सांगायला लागला, “बाईट कसा घ्यायचा ते ह्यांनीच शिकवलं आपल्याला. भावना चेहऱ्यावर दिसली पाहिजे!”

खरं होतं. मीच शिकवलं होतं. अगदी ह्याच शब्दांत.

रेखाने पर्समधून एक कोरा फॉर्म काढला, पेनचं टोपण उघडलं आणि त्याच्यासमोर उभी राहिली. “दादा, एक प्रश्न तुम्हाला. दिवसातून लाज किती वेळा वाटते? कधीच नाही, क्वचित, की नेहमी?”

त्याला वाटलं गंमत चाललीय. तो हसला आणि माझ्याकडे बघितलं, मीही हसावं म्हणून.

मी हसले नाही. त्या मावशीचा हात धरून तिला आत नेलं. बाईटवरचं ते लेक्चर मी नंतर कधी घेतलेलं नाही.

*

शेवटी रिपोर्टाचं प्रकाशन. कॉलेजचा हॉल, समया, बुके. कोरियाहून एक वयस्कर प्राध्यापिका आलेल्या. त्यांचं इंग्रजी जेमतेम, म्हणून सरांनी दुभाष्या ठरवला होता. तो ऐनवेळी आलाच नाही!

रेखाने तिच्या मामेबहिणीला, सायलीला, सोबत आणलं होतं. सायली चाकणला एका असेंब्ली लाइनवर कामाला. सेकंड शिफ्ट असल्यामुळे सकाळ मोकळी. ही पोरगी चार वर्षं कोरियन मालिका बघते. आधी खालच्या ओळी वाचत बघायची, मग वहीत शब्द उतरवत, मग ओळी बंद करून. तिचाही फॉर्म आम्ही भरला होता.

सरांनी तिसरी स्लाइड लावली. पडद्यावर सायलीचा फोटो! तिला न विचारता. खाली ठळक अक्षरांत, मराठीत आणि मोबाइलवरून करून घेतलेल्या कोरियनमध्ये – ‘भाषा कळत नसतानाही केवळ देखण्या चेहऱ्यांसाठी परदेशी मालिका पाहणारी कामगार तरुणी : सांस्कृतिक आक्रमणाचा नमुना’.

हॉलमध्ये हशा पिकला. सायली माझ्या शेजारी ताठ बसून होती.

एवढ्यात पाहुण्या बाईंनी हात वर केला आणि कोरियनमध्ये काहीतरी विचारलं. सर गोरेमोरे झाले. इकडेतिकडे बघायला लागले. सायली उठली. सरळ स्टेजवर गेली, बाईंना कमरेत वाकून नमस्कार केला, दोन वाक्यं बोलली. बाईंचे डोळे मोठे झाले! त्यांनी प्रश्न पुन्हा सांगितला. सायलीने माइक घेतला.

“मॅडम विचारतायत, हे सगळं ह्या मुलींनी तुम्हाला सांगितलं, की तुम्हीच त्यांच्याबद्दल ठरवलं?”



सरांनी घसा खाकरला आणि बोलायला सुरुवात केली. आपली थोर परंपरा, बाजारपेठेचं षड्यंत्र, भोळीभाबडी कामगार मुलगी. पाच मिनिटं बोलले. नंतर सायलीकडे बघून म्हणाले, “हं, सांग त्यांना.”

सायली बाईंकडे वळली आणि त्यांच्या प्रश्नावर दोन शब्द बोलली. दोनच!

बाईंनी सरांकडे बघितलं. मग मान हलवली आणि समोरची वही बंद केली.

सर वैतागले. “अगं, मी एवढं बोललो आणि तू दोन शब्द? काय सांगितलंस काय त्यांना?”

सायलीने माइक त्यांच्या हातात दिला.

“सर, मला कुठं भाषा कळते? मी आपली चेहरे बघते.”