मोजून उतरवजो

सौंसरच्या बस स्टँडवर बाबांनी माझं सामान तीन वेळा मोजलं. ट्रंक, वळकटी, संत्र्यांची पेटी, जेवणाचा डबा. "चार नग हायेत. नागपूरले मोजून उतरवजो," एवढंच म्हणाले. बस निघाली तेव्हा धुक्यात त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, अजून मोजताहेत.

त्याला सव्वीस वर्षं झाली. पुण्यात मी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. तिथे एक बोल्ट इकडचा तिकडे होत नाही. घरी मात्र काय कमी होत गेलं, ते कळलं नाही. आधी शनिवारी प्यायचो, मग रोज. सुनंदा, माझी बायको, माझ्याशी बोलेनाशी झाली. अकराव्या दिवशी डब्यात चिठ्ठी निघाली : समुपदेशक बाईंचा पत्ता, आणि खाली, 'तुम्ही इथे जा, नाहीतर मी माहेरी जाते.'

गेलो. खोलीत फिकट हिरवा पडदा होता. मॅडमनी विचारलं, "घर सोडताना कसं वाटलं?"

"बस सव्वासहाची होती. नग चार."

"वेळ नाही विचारली मी."

पडदा वाऱ्याने फुगला आणि खोलीत कुठूनसा संत्र्याच्या फुलांचा वास आला. बसची काच, धुकं, लहान होत गेलेले बाबा. मी रडत होतो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. घड्याळ पाहायचं राहून गेलं.

गावाकडून निघालेल्या आणि माझ्यासारखं काही लपवणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. दर शनिवारी मी मॅडमकडे जायचो आणि बाबांना फोनवर ओव्हरटाइम सांगायचो. दारू सुटली होती. सुनंदा बोलू लागली होती, पण म्हणाली, "त्यांच्याशी खोटं चालू आहे तोवर मला तुमचा भरवसा येत नाही."

शेवटी फोन केला. "बाबा, मी लय पेत होतो. आता एका मॅडमकडे इलाज करून राहिलो. मनाचा."

"मनाचा? पागल झाला का बे?"

मागे त्यांचा पंखा कुरकुरत होता.

"किती दिवस झाले सोडून?"

"एकशे बेचाळीस."

"मोजून राहिला ना?"

"हो."

"मोजत राह्य. अन् ये एकडाव. स्टँडवर येतो मी."

सुनंदा म्हणाली, आधी तुम्ही एकटे जाऊन या. सौंसरला उतरलो तेव्हा तसंच धुकं होतं, आणि त्यात बाबा, जरा वाकलेले. त्यांनी माझ्या बॅगेवर हात ठेवला. "एक." मग तोच हात माझ्या पाठीवर आला. "दोन." मोजून झालं तरी तो तिथेच राहिला.

इतकी वर्षं मी सुनंदाला 'गावी पोचलो' म्हणून कळवायचो. त्या सकाळी 'घरी पोचलो' म्हटलं. चार दिवसांनी पुण्याहून बाबांनाही तेच कळवलं.