पोरीच्या अभिनंदनाचा बॅनर

पोरगी पत्रकारितेच्या डिग्रीला गेली तेव्हापासून आमच्यात धड बोलणं नव्हतं. चूक माझीच. मी सातवीत शाळा सोडलेली, म्हणजे शाळेनेच माझ्यासमोर हात जोडलेले. गाळ्यांचं भाडं खातो आणि दिवसभर नाक्यावर खुर्ची टाकून लोकांना हसवतो. तिच्या ॲडमिशनच्या दिवशी चारचौघांत बोललेलो, "पेपर टाकायला डिग्री कशाला? तो तर आपला दूधवाला पण टाकतो." अख्खा नाका हसला. ती तिथेच उभी होती.

तिसऱ्या वर्षाला तिला कॉलेजच्या पेपरची संपादक केलं. मला बायकोकडून कळलं. वाटलं, आता मिटवून टाकू. आणि आमच्या कळव्यात प्रेम दाखवायची एकच पद्धत, बॅनर. मधे तिचा फोटो, चुलत बहिणीच्या हळदीतला, कारण दुसरा माझ्याकडे नव्हता. खाली शुभेच्छुक म्हणून माझे सगळे मित्र. आणि तिच्यापेक्षा मोठा मी, कानाला फोन लावून. बांधला कुठे, तर बसस्टॉपवर. बसचे नंबर झाकले गेले, पण माझं तोंड लांबून दिसायचं.

परवानगी? तो रस्ता म्हणजे आमच्या आजोबांचं भाताचं शेत. आपल्याच शेतात कसली परवानगी मागायची, असा आपला हिशोब.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरगी वर्गातल्या दोघांना घेऊन नाक्यावर आली. तिच्या पहिल्या अंकाची मुख्य बातमी काय, तर विनापरवाना बॅनर. ते मला कोण सांगणार? फोटो काढत फिरताना पोरांना तिचाच फोटो सापडलेला. तिने मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला.

"हा बॅनर तुम्ही लावलाय?"

जन्मात पहिल्यांदा मला तुम्ही.

"तुझ्यासाठीच गं."

"परवानगी घेतली होती?"

"अगं, ही जमीन तुझ्या पणज्याची!"

"आता कोणाची आहे?"

"आता खड्ड्यांची आहे."

दोघं पोरं फिसकन हसली. ती त्यांच्यावर खेकसली, "रेकॉर्ड होतंय!"

घरी आल्यावर तुम्ही संपलं. "पप्पा, आत्ताच्या आत्ता उतरव तो. वर्गात बोलतायत, संपादकाच्या घरचाच बॅनर, ही काय छापणार. मॅडम अंक दुसऱ्याकडे द्यायच्या विचारात आहेत."

मी बोललो, "उतरवला तर नाक्यावर काय तोंड दाखवू? आत्ताच तर दाखवलंय, सहा फुटी."

"जोकर आहेस तू," ती बोलली. हे मला गावात सगळेच बोलतात, लाडाने. तिने लाडाने नव्हतं बोललेलं. जेवली नाही. बायको ताट उचलताना फक्त एवढंच बोलली, "हस आता."

सकाळी मी शिडी घेऊन निघालो. नाक्यावर काय बोलतील ते बोलोत. तर पोरगी दारात आडवी.

"आता हात लावायचा नाही."

"अगं, काल तूच..."

"काल माझी चूक झाली. आता काढलास तर सगळे बोलतील, मीच आतून सांगून काढायला लावला. मग माझी बातमी मेली आणि मीही. आज अंकात छापायचा फोटो होऊ दे. नंतर जाळ, काय करायचं ते कर."

काल नको म्हणालो म्हणून शिव्या, आज हो म्हणालो म्हणून शिव्या. शिडी घेऊन मी जिन्यावर बसून राहिलो. वरची म्हातारी विचारून गेली, पंखा दुरुस्त करतोस का रे.

अंक निघाला, तिच्याच नावाने. पहिल्या पानावर बॅनर, आणि विनापरवाना बॅनर लावणाऱ्यांच्या यादीत सगळ्यात वर माझं नाव. मला जोडाक्षरं अडतात, बायकोने वाचून दाखवलं. माझ्या एवढ्या बोलण्यातलं एकच वाक्य छापलेलं: परवानगी घेतली नसल्याचं त्यांनी मान्य केलं.

"मी असं कुठे बोललो?" मी पोरीला विचारलं.

"तेच बोललास."

"आणि खड्ड्यांचं? पणज्याचं? पोरं हसलेली त्याला!"

ती लॅपटॉपमधून वर न बघता बोलली, "जागा नव्हती."