करवतीची दुसरी मूठ

मोठ्या करवतीला दोन मुठी असतात. एक झुलालच्या हातात असायची, ती सगळ्या गावाला ठाऊक. कोणाच्या अंगणातला निंब घरावर झुकला, कोणाच्या बांधावरची बाभूळ विहिरीवर आली, की लोक म्हणायचे, "झुलालले बलावा. तो पाडस त एक काडी कौलावर पडाव नही." दुसरी मूठ त्याच्या बायकोच्या, रुक्माबाईच्या हातात असायची. तिला वेगळं बोलावणं कधी आलं नाही. बैलजोडी सांगितली की दुसरा बैल काय वेगळा सांगायचा?

पोरगी अंगावर पीत होती तेव्हापासून ती करवत ओढत होती. ती पोरगी आता पहूरला सासरी नांदते, तिलाच पोर झालंय. करवतीचा एकच कायदा. आपल्याकडे ओढायचं, पलीकडे ढकलायचं नाही. समोरचा ओढतो तेव्हा हात सैल सोडायचा. ढकललं की पातं वाकतं आणि समोरचा शिव्या घालतो. सैल सोडायचा तो क्षण हाच रुक्माबाईचा दिवसभरातला विसावा. मेली कसली विश्रांती ती! श्वास आत घेतला नाही तोच मूठ परत हातात.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात तिचा उजवा खांदा गेला. तिने कोणाला सांगितलं नाही. सांगून काय व्हायचं? पण केस विंचरायला हात वर जाईना, म्हणून ती शेजारच्या प्रमिलाबाईकडे वेणी घालून घ्यायला जाऊ लागली. झुलालने ते दोन-तीनदा पाहिलं. तो बोलणाऱ्यातला नव्हताच. एक दिवस पहाटेची एसटी धरून धुळ्याला गेला आणि संध्याकाळी पोत्यात गुंडाळून एक यंत्र घेऊन आला. पेट्रोलवर चालणारी करवत. भंगारवाल्याने सांगितलं होतं, जहाज मोडलं त्यातून निघाली आहे, इंग्रजांच्या देशातली आहे. स्वस्तात मिळाली. स्वस्त का, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

अख्खी गल्ली बघायला जमली. यंत्राची दोरी ओढून ओढून गावातल्या तरण्या गड्यांचे हात भरून आले, पण ते काही बोलायला तयार नाही. एकदा खोकलं, निळा धूर सोडला आणि गप्प बसलं. "झुलालभाऊ, चार आण्यानी कोंबडी आन बारा आण्याना मसाला!" कोणीतरी म्हणालंच. झुलाल ओशाळला. रुक्माबाईला त्या माणसाचा असा राग आला की भाकरी थापताना एक भाकर फाटली.

मग झुलाल यंत्र घेऊन चाळीसगावला गेला, अभिमन मिस्तरीकडे. सोबत रुक्माबाई, कारण तिला खांद्याला लावायचं तेलही घ्यायचं होतं. अभिमन म्हणजे लुना गाड्यांचा वैद्य. त्याची ख्याती एकाच गोष्टीची, अॅव्हरेज काढून देण्याची. बाटलीभर पेट्रोलात गाडी कुठवर जाते, ते त्याच्या हाताखालून गेलेल्या लुनेला विचारावं. लोक लांबून यायचे. तो इंजिनाला कान लावायचा, डोळे मिटायचा आणि बारीक स्क्रू असा फिरवायचा, जसा कोणी निजलेल्या पोराच्या कानातला मळ काढतोय.

त्याने यंत्र खोललं. आतला रबरी पडदा वाळून पापड झाला होता. दुसऱ्या कुठल्याशा पंपाचा पडदा कात्रीने कापून त्याने तिथे बसवला. प्लग बदलला, कचरा फुंकून काढला. साखळीचे दात झुलालने स्वतः गोल कानस घेऊन घासले. दाताचं काम त्याला मिस्तरीने शिकवायची गरज नव्हती. दोरी ओढली आणि यंत्र जे गरजलं, की बाजूच्या चहावाल्याने कपबशा धरून ठेवल्या.

"धूर लई काढस रे," झुलाल म्हणाला. "पेट्रोल बी लई पिईन ही. जरा कमी कर ना."

अभिमनचं तर तेच कसब. त्याने कान लावला, डोळे मिटले, स्क्रू आत फिरवला. धूर बंद झाला. आवाज बारीक, गोड, सणसणीत झाला. "आते देख, कशी गाई राह्यनी," तो म्हणाला. त्यालाही आवडला तो आवाज. झुलालचा चेहरा तर असा फुलला, की लग्नातही एवढा फुलला नव्हता, असं रुक्माबाईला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी तोतारामच्या बांधावरची जुनी बाभूळ. रुक्माबाई भाकरी घेऊन सोबत गेली आणि जन्मात पहिल्यांदा झाड पडत असताना सावलीत बसली. हातांचं काय करावं तेच तिला कळेना. मांडीवर ठेवले, पदरात घेतले. शेवटी ती तशीच आडवी झाली. यंत्र खोडात शिरलं, भुसा उडाला. तिला वाटलं, सुटले बाई! खरंच सुटले. डोळा लागणार, तेवढ्यात आवाज आणखी बारीक झाला, चिरका झाला आणि कचकन थांबला. झुलालने दोरी ओढली. दोरी तसूभर हलेना. यंत्र आतल्या आत चिकटून बसलं होतं.

बाभूळ अर्धी कापलेली. अशी सोडून जाता येत नाही, वारा आला तर कोणाच्या जिवावर पडेल. झुलाल घरी गेला आणि जुनी करवत घेऊन आला. तिने उठून आपली मूठ धरली.

दोघं पुन्हा चाळीसगावला गेली तेव्हा अभिमनने पिस्टन काढून उन्हात धरला. बाजूने ओरखडेच ओरखडे.

"मनीच चूक व्हयनी," तो म्हणाला. "तेल पेट्रोलमधूनच जास. पेट्रोल कमी कयं तशे तेल बी कमी व्हयनं. आडात नही ते पोहऱ्यात कोठून ई? लुना चढ चढस, मंग तिले उतार भेटस. ही लाकडात घुसनी म्हंजे नुसता चढ. हिले उतारच नही."

त्याने पिस्टन पॉलिश पेपरने घासला, त्यावरची कडी मोकळी केली, चिकटलेलं खरवडून काढलं आणि सगळं परत जोडलं. यंत्र सुरू झालं. या वेळी स्क्रू थोडा बाहेर फिरवला तसं ते घोगरं, जडसं बोलू लागलं, धूर ओकू लागलं. झुलाल चुळबुळला. सवय कुठे जाते माणसाची? "मिस्तरी, तरी बी जराशी..." त्याने सुरुवात केली.

"अभिमनभाऊ, यासनं ऐकू नको!" रुक्माबाई बोलली. दुकानात, परक्या माणसांत, नवऱ्याच्या वर तोंड करून. "पिऊ दे तिले. धूर काढस ते काढू दे. कमी खाईसन राबाले ती काय बाई शे?"

अभिमन खो खो हसला. चहावाला हसला, झुलालही हसला. रुक्माबाई हसली नाही. तिने काही गंमत केली नव्हती. अभिमनने मात्र तिचं ऐकलं, स्क्रू होता तिथेच ठेवला.

आणि यंत्र चाललं. रिकामं असताना घरघर करायचं, पण खोडात शिरलं की मोकळ्या गळ्याने बोलायचं. झुलालने एकट्याने एका दिवसात एक निंब पाडला, तोडलाही. रुक्माबाई त्या दिवशी गेलीच नाही. संध्याकाळी तो काळा होऊन, भुशाने माखून घरी आला. "एकलानी पाडा!" दारातूनच सांगितलं. भाकरीही दोन जास्त खाल्ल्या. मग हात धुता धुता म्हणाला, "ताईबाई अक्काले सांगी उनू. उद्यापाईन तू तिना टोळीमा कांदा निंदाले जाय. हलकं काम शे. बठी बठी कराचं."

रुक्माबाईच्या हातातलं ताट तसंच राहिलं. माणूस वाईट नव्हता हो. तिच्या खांद्यासाठीच तर धुळ्याला गेला होता. पण एक हात मोकळा झाला की तो कुठेतरी जुंपायचा, हे त्याच्या रक्तातच होतं. तिच्याही होतं. एरवी ती "बरं" म्हणाली असती. त्या रात्री तिला इतक्या वर्षांचा थकवा असा आला होता, की "बरं" म्हणायचंही त्राण नव्हतं.

"मशीन कसाकरता आणी?" तिने विचारलं.

"तुना खांदाकरता."

"मंग मना खांद्याले उतार कव्हय भेटीन?"

हात पुसून झुलाल खाटेवर जाऊन पडला. तीही पडली. तिला वाटलं, सकाळी जावं लागणारच. खुरपं कोनाड्यात कुठे आहे, तेही तिला आठवत होतं.

सकाळी ताईबाई बायांची टोळी घेऊन दारात आली. "वो रुक्मा! चाल, ऊन व्हयनं." रुक्माबाई गोधडीत जागीच होती. ती उठायला गेली, तर झुलाल आधीच दारात जाऊन उभा.

"ती येवाव नही, अक्का."

"काब्र? ताप शे का?"

"नही."

"कंबर धरी का?"

"नही."

"मंग काय व्हयनं तिले?"

झुलाल म्हणाला, "ती थकी गयी शे."

कोणी हसलं नाही. "थकी गयी?" ताईबाई म्हणाली. असं कारण तिने जन्मात ऐकलं नव्हतं. "आमी बी थकेलच शेतस, भाऊ." आणि ती टोळी घेऊन निघून गेली.

रुक्माबाईने गोधडी तोंडावर ओढली आणि रडली. खूप रडली, पण आवाज येऊ दिला नाही. नाहीतर झुलालला वाटलं असतं, ही खरंच आजारी आहे.