आतोबांचा हवेवरचा संशय

साऱ्या पृथ्वीतलावर हवेवर संशय घेणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका आमच्या आत्याच्या वाट्याला आला. शेजाऱ्यावर संशय घेणारे असतात, बायकोवर घेणारे असतात, दुधात पाणी घातलं म्हणून गवळ्यावर घेणारे तर पैशाला पासरी. आतोबांचा मात्र गवळ्यावरसुद्धा विश्वास होता. बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत आयुष्यभर दुधाचं फॅट तपासूनही होता, म्हणजे बघा! संशय काय तो हवेवर. आमच्याकडे कऱ्हाटीला आले की आधी अंगणात उभं राहून नाक वर करायचे, वारा कुठला आहे ते बघायचे आणि मग जयभीम घालायचे. माझी चुलत बहीण नंदा, तिची सोयरीक बघायला आम्ही इंदापूरला गेलो, तेव्हा सगळ्यांनी मुलगा बघितला, घर बघितलं, नोकरीची चौकशी केली. आतोबा हातातला चहा तसाच ठेवून गच्चीवर गेले. खाली आले ते निकाल घेऊनच. "गाव मोकळं हाय. धूर साचायचा न्हाय. द्या पोरगी बिनघोर." मुलाचे वडील अजून मान डोलवावी की नाही या विचारात असतील.

त्यांच्याकडे मोटारसायकल होती, पण उभ्या पिकाशेजारून जाताना ते इंजिन बंद करून ती ढकलत नेत. धुराचा पिकाला त्रास होतो म्हणून! आत्या मागच्या सीटवर तशीच बसलेली, मांडीवर पिशवी. वडगाव निंबाळकरला त्यांचं घर, आणि त्या बाजूला पिकाला काय तोटा? उसाच्या कडेनं निम्मा रस्ता चालतच जायचा. एकदा पेट्रोल संपलं असं वाटून चौघेजण मदतीला धावले, तर आतोबांनी त्यांना भर उन्हात उभं करून शिकवणी सुरू केली. रद्दीतून किलोवर घेतलेल्या जुन्या मासिकांतली सगळी विद्या त्यांच्या जिभेवर. "आभाळात वर ओझोन असतो तो आपला, तो ऊन गाळून घेतो. पण गाड्यांचा, कारखान्यांचा धूर आन् वरनं आपलं हे ऊन, दोन्ही भेटलं की खाली जमिनीलगतबी तोच वायू तयार हुतो. तो मात्र पिकाच्या मुळावर उठतो. धूर तिकडं पुण्याकडचा असंल, आन् मार खातंय हितलं पान." शेवटी आत्याच ओरडली, "ढकलताय का उतरू मी?" चौघे जे सुटले ते मागं बघायला तयार नाहीत. आम्हीही हसायचो. खोटं कशाला सांगू, मी तर त्यांची नक्कल करून दाखवायचो.

नव्वदच्या दशकातल्या एका मार्च महिन्यात मात्र हसू पळालं. माझे वडील आबा आणि धाकटे चुलते तात्या, दोघांची रानं बांधाला बांध लावून. विहीर सामाईक, पाण्याची पाळी एक दिवसाआड. त्या साली दोघांनी एकाच पिशवीतलं बी वाटून घेवडा लावला होता. आबांच्या घेवड्याची पानं बघता बघता ठिपक्यांनी भरली. तांबूस, बारीक, पानाच्या फक्त वरच्या अंगाला. मग पानं पिवळी पडून गळू लागली. आणि बांधापलीकडे तात्यांचा घेवडा? जरा खुरटा, पण एक ठिपका नाही! आबांनी तिथल्या तिथं निवाडा केला, तात्यांनी उसात तणनाशक मारताना मुद्दाम पंप इकडं वळवला. तात्या नाही नाही म्हणत राहिले. आबा म्हणाले, "मग तुझ्याच रानाला कसं काय झालं न्हाय? तुझ्या पोरीच्या मांडवात मी पाय ठेवणार न्हाय." नंदाचं लग्न दहा दिवसांवर आलेलं. ही पोर माझ्या आईच्या मांडीवर वाढलेली, आबांच्या ताटात जेवलेली. तिनं जेवणच सोडलं. आई पदरानं डोळे पुसत चुलीपुढं बसायची, आणि मला आबांचा असा राग यायचा की काय सांगू.

आत्यानं निरोप धाडला तसे आतोबा आले. नाक वर केलं नाही, पहिल्यांदाच. आबांचं रान फिरले, तात्यांचं फिरले, खाली बसून मातीत बोट खुपसलं. मग म्हणाले, "थोरले, धाकटे, दोघंबी गाडीवर बसा." दोघं एकमेकांकडे बघायला तयार नाहीत, पण थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला नाही कोण म्हणणार? पुढं आतोबा, मधे तात्या, मागं आबा, आणि मी सायकलवर त्यांच्या मागं. पहिल्याच उसापाशी आतोबांनी इंजिन बंद केलं. मग दोघा भावांनी, एका बाजूनं एकानं, दुसऱ्या बाजूनं दुसऱ्यानं, गाडी ढकलली.

डेअरीच्या गच्चीवर आतोबांनी हौसेनं घेवड्याच्या चार कुंड्या ठेवल्या होत्या. नळाजवळच्या दोन कुंड्यांतली पानं तांबूस ठिपक्यांनी भरलेली, अगदी आबांच्या रानासारखी. लांबच्या कोपऱ्यातल्या दोन खुरट्या, पण स्वच्छ.

"हितं कोण आलं तणनाशक मारायला?" आतोबांनी विचारलं. "आन् तणनाशकानं पान वाकडं हुतं, असं ठिपकत न्हाय. हे हवेचं काम." मग हळूच म्हणाले, "आमच्या वॉचमनचा पाइप त्या कोपऱ्यापातूर पुरत न्हाय. महिनाभर शिव्या घातल्या मी त्याला. पण पोटभर पाणी मिळालेलं पान तोंड उघडं ठेवतं, मग इखार आत शिरतो. तहानलेलं पान तोंड मिटून बसतं, म्हणून वाचतं. थोरले, धाकट्याचं रान हिरवं न्हाय, तहानलेलं हाय."

आबांनी त्या कोपऱ्यातल्या कुंडीच्या कोरड्या मातीत बोट खुपसलं. लग्नाच्या धावपळीत तात्या सारखे इंदापूरला. त्यांच्या पाळ्या चुकल्या होत्या, आणि ते पाणी कुठं गेलं हे आबांना पक्कं ठाऊक होतं. ते तात्यांकडं वळले. "तुझं पाणी मी घेतलं रं."

तात्या म्हणाले, "म्हाईत हाय, दादा. माझ्या पाळीला तुझा पाट वल्ला दिसला की मला. म्हणलं, पोरीचं लगीन हुईस्तोवर बोलायचं न्हाय."

आबा कठड्याला धरून रडले. आतोबा उगाचच वॉचमनला हाका मारत खाली निघून गेले. आणि मी? छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात ना, तो उतरताना खरंच कळतो. त्याच दिवशी आबांनी स्वतः दांड फोडून तात्यांच्या रानात पाणी सोडलं. शेंगा दोघांनाही कमीच आल्या. हवेला कुठल्या कोर्टात उभं करणार? पण इंदापूरच्या मांडवात फुलं टाकायला आबा सगळ्यांत पुढं होते, आणि नंदा पंगतीत पोटभर जेवली.

आतोबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची नक्कल मी त्या दिवसापासून कधी केली नाही. भावाभावात बिनसलं की गावात अजूनही शंभर माणसं धावतात, आणि चूक कुणाची ते प्रत्येकाला ठाऊक असतं. त्यात कुणाचाच दोष नसेल का, हे आधी बघायला निघणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.