अक्षता आणि वाकडं वर्तुळ

आमच्या हिच्या अक्षता फार लांब जातात. भाच्याच्या लग्नात त्या नवरानवरीला ओलांडून थेट भटजींच्या कानात गेल्या होत्या. विश्वकर्मा पूजेला आमच्या पिपलानीच्या कारखान्यात घरच्यांना आत सोडतात; यंदा तिथल्या नव्या मशीनवरही तिने हात सैल सोडला. फार वेगाने धातू कापणारं ते मशीन. त्याच्या चाचण्या माझ्याकडे, म्हणून मीच तिला मोठ्या तोऱ्यात पुढे केलं होतं.

दुसऱ्या दिवशी चाचणी. दोन टोकांना पोलादी गोळ्या असलेला दांडा; एक टोक मशीनच्या टेबलावर, दुसरं वर कापणाऱ्या हत्याराच्या जागी. मग टेबल वर्तुळात चालवायचं, म्हणजे त्याच्या चालीचं चित्र संगणकावर उमटतं. सावकाश चालवलं तेव्हा वर्तुळ इतकं गोल, की माझ्या पोटाला हेवा वाटावा. वेग वाढवला आणि उजव्या अंगाला खाच पडली. पुन्हा चालवलं. खाच तिथेच, जरा खोल.

दुपारी मोठे साहेब पूर्ण वेगात पहिला जॉब, म्हणजे खरा धातूचा तुकडा, कापून बघणार होते. मशीनपाशी उभा राहणार होता आमच्या खालच्या क्वार्टरमधला ऑपरेटर, मूळचा नागपूरचा. त्या वेगात टेबल अडखळलं, तर हत्यार तुटून तुकडा त्याच्याच अंगावर यायचा. सकाळीच त्याची बायको आमच्याकडून विरजण घेऊन गेली होती.

आम्ही झाकणं काढली. टेबल ज्यांवरून सरकतं त्या पट्ट्यांवर पिवळे तांदूळ.

"वहिनींचा आशीर्वाद," ऑपरेटर म्हणाला. "घरी बोलू नका भाऊ, उद्यापासून नुसत्या पोळ्या मिळतील."

दाणा न् दाणा वेचला, पट्ट्या पुसल्या. दोष सापडला, तोही घरचाच, म्हणून मी भलताच खूश. सावकाश चालवलं, गोल. वेग वाढवला. खाच तिथेच. आधीपेक्षा खोल.

म्हणजे दोष अक्षतांचा नव्हताच.

"नवी नवरी आहे, रमेल हळूहळू," एव्हाना आलेले मोठे साहेब घड्याळ बघत म्हणाले. "घ्या जॉब."

ऑपरेटरने चष्मा चढवला. मी मशीन थांबवायचं लाल बटण दाबलं आणि मागे जाऊन मशीनची वीजच तोडली.

"मला घाबरट समजता का भाऊ?"

"छे. घाबरट मी आहे."

साहेबांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात बंद मशीनच्या पोटातून, उजव्या अंगाला, बारीकसं कट्ट वाजलं. थोड्या वेळाने पुन्हा. वीज नव्हती, तरी आत काहीतरी ताणाने तडकत होतं.

ऑपरेटरने चष्मा उतरवला आणि मागे सरकला. साहेब त्याच्या आधीच सरकले होते.