थोरल्या घरची मरळ

माझं माहेर मुरुडचं, त्यामुळे समुद्राची मासळी हातात घेताना मला कधी विचार करावा लागला नाही. लग्न होऊन म्हसळ्याच्या आतल्या एका गावात आले आणि नदीच्या माशांनी माझी फजिती केली. सुरमईसुद्धा विळीपुढे निमूट पडून राहते. मरळ मात्र पाण्याबाहेर काढून कितीतरी वेळ झाला तरी अंग वळवते आणि हातातून सटकते. सासूबाईंनी मला तिला चुलीतली राख लावून धरायला शिकवलं. चिखलाचा वास जावा म्हणून आमसूल आणि मीठ चोळायलाही त्यांनीच शिकवलं.

सासूबाई कष्टाळू होत्या, आणि तेवढ्याच संशयी. विहिरीवर कुणी हसून बोललं, तर ती का हसली असेल याचा विचार त्या घरी येईपर्यंत करत. त्याला कारणही होतं. आमच्या आणि मामंजींच्या थोरल्या भावाच्या घरांमध्ये एकच भिंत होती, पण शेताच्या बांधावरून दोघा भावांचं बिनसलेलं. मी या घरात आले त्याच्या आधीपासून इकडचं माणूस तिकडे जात नव्हतं.

त्या वर्षी उन्हाळ्यात नदी आटून डोहापुरती उरली होती. मामंजी बाजाराला गेले होते, आमचे हे मुंबईला गोदीत. मी मागीलदारी भांडी घासत होते. एवढ्यात भिंतीपलीकडच्या थोरल्या सासूबाई पदराखाली टोपली घेऊन आल्या.

"डोहात मासं गावलं. तुमच्या वाटचं आणलंय," एवढंच म्हणाल्या, टोपली पायरीवर ठेवली आणि आल्या तशा गेल्या.

टोपलीत दोन मोठ्या मरळी आणि खाली थोड्या काटेरी शिंगट्या होत्या. सासूबाई बाहेर आल्या, वाकून बघितलं, पण हात लावला नाही.

"तू काय बोललीस तिच्याशी विहिरीवर?"

"न्हाय ओ आत्या. मी कशाला बोलू?"

"मग इतक्या वर्सांनी तिला आजच कशी आठवण झाली?"

सासूबाईंनी टोपली घरात नेऊ दिली नाही. विळी, राख, पाण्याची कळशी सगळं त्यांनी बाहेर फणसाखाली आणायला लावलं आणि माझ्यासमोर उकिडव्या बसल्या.

"गेळाची फळं कुटून डोहात टाकतात मेले," त्या म्हणाल्या. "मासं झिंगून वर येतात. कल्लं बघ आधी."

मी कल्ले उचलून दाखवले. लालभडक होते. डोळे बघितले, तेही पाणीदार. एक मरळ तर अजून तोंड उघडझाप करत होती.

"जित्ती हाय आत्या. विषाची असती तर मेली असती की."

"मरळ चिवट जात. तिचं काय सांगतेस!"

मी राख चोळली, डोक्यावर वरवंट्याचा एक ठोका दिला आणि खवले काढायला घेतले. सासूबाईंची नजर माझ्या हातावरून हलत नव्हती. मग मलाही वाटायला लागलं की हे खवले जरा जास्तच सहज निघतायत. पोट चिरलं. आतडी ओढताना त्या एकदम "थांब" म्हणाल्या, माझा हात दचकला आणि पित्ताची पिशवी फुटली. हिरवं पाणी मांसावर पसरलं.

"हे काय?"

"पित्त."

"इतकं हिरवं?"

जन्मभर नदीचे मासे साफ केलेली बाई, पण त्या दिवशी पित्ताचा रंगसुद्धा तिला खरा वाटेना. मी पाणी ओतून ते धुतलं. तेवढ्यात आमच्या मांजरीने आतडी ओढून नेली आणि खाल्ली. आम्ही दोघी हात थांबवून तिच्याकडे बघत बसलो. तिने तोंड चाटलं, सावलीत गेली आणि आडवी झाली. डोळे मिटले.

"हलव तिला," सासूबाई म्हणाल्या.

मी काटकीने मांजरीला डिवचलं. ती हलली नाही. सासूबाई उठून तिच्याशेजारी येऊन वाकल्या. आणि नेमक्या तेव्हाच थोरल्या सासूबाई टोपली न्यायला परत आल्या.

त्यांनी अर्धवट साफ केलेली मरळ बघितली, माझ्या हातातली काटकी बघितली. मांजर उठून आळस देत होती. थोरल्यांना सगळं कळलं. तोंड लाल झालं. खाली बसल्या, विळी स्वतःपुढे ओढली आणि दुसरी मरळ साफ करायला घेतली. शिंगट्यांचे काटे मोडले. मग म्हणाल्या, "चूल पेटव. मीच करते आणि तुमच्यासंगं जेवते."

कालवण झालं. त्यांनी सगळ्यांत आधी घास घेतला. सासूबाईंनी तो गिळेपर्यंत वाट पाहिली, मग स्वतःच्या ताटाला हात लावला.

"आता सांग," त्या म्हणाल्या. "काय पायजे?"

थोरल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांची लेक पहिलटकरीण, माहेरी आली होती. पाय सुजले होते. बाळंतपणाला सासूबाईंचा हात गावात नावाजलेला. "तुझ्या हातानं सुटू दे गो पोर."

"मग सरळ यायचं. मासं कशाला?"

"रित्या हातानं आले असते तर दार उघडलं असतंस?"

सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. मग हळूच म्हणाल्या, "आणि इपरीत झालं तर? माझ्याच माथी येईल. तुझ्या माणसानं येऊन सांगू दे."

तो माणूस आला नाही. आठवडा गेला असेल, एका सकाळी भिंतीपलीकडून कण्हणं ऐकू यायला लागलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबे, पुन्हा चाले. दुपारी थोरले सासरे अंगणात येऊन उभे राहिले. मान खाली.

"पोरीसाठी चल," एवढंच म्हणाले.

सासूबाई उठल्या आणि मला म्हणाल्या, "तू बी चल. काय होतं ते डोळ्यांनी बघ. उद्या कोण काय बोललं तर सांगायला माणूस पायजे."

मी कोपऱ्यात उभी राहिले. बाळ आलं ते गळ्यात नाळ घेऊन, निळसर, न रडता. लेकीच्या उशाशी बसलेल्या थोरल्या सासूबाईंची नजर सासूबाईंच्या बोटांवर खिळली होती. सासूबाईंना ती जाणवत होती, हे मला त्यांच्या पाठीवरून कळत होतं. त्यांनी नाळ सोडवली, बाळाला पालथं धरून पाठ चोळत राहिल्या. मग ते रडलं. मुलगी होती.

थोरल्यांनी गुळाचा चहा आणून पुढे ठेवला. सासूबाईंनी पेल्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि प्यायल्या.

पुरुषांचं बांधावरचं भांडण पुढेही चाललंच. पण त्या तान्ह्या पोरीला न्हाऊ घालायला सासूबाई रोज सकाळी पलीकडे जायच्या, आणि परत यायला मुद्दाम उशीर करायच्या.