मांडीवरची गाठ

१९९१च्या जानेवारीतल्या एका सोमवारी धुळ्यातल्या रुग्णालयात तीन महिन्यांच्या मुलीच्या मांडीवरची गाठ चिरायचं ठरलं होतं. ते ऐनवेळी थांबवलं गेलं. गळू वाटलेली ती जांभळी, टणक गाठ रक्तवाहिन्यांची होती. रक्त गोठवणाऱ्या पेशी तिच्यातच अडकून संपत होत्या. चिरली असती तर रक्त थांबलं नसतं. बालरोगतज्ज्ञ बाईंनी स्टेरॉईडचं पातळ औषध सुरू केलं आणि दर सोमवारी रक्त तपासायला बोलावलं.

तीन सोमवार मुलगी आली. पुढचे दोन आली नाही. शनिवारी बाई स्वतः तिच्या गावी निघाल्या. वार्ताहर म्हणून मी सोबत होतो.

अमळनेरमार्गे चोपड्याची सकाळची एसटी. तापी ओलांडल्यावर केळीच्या बागा सुरू झाल्या. चोपड्याहून सातपुड्याच्या पायथ्याकडे केळी उतरवून परतणारा ट्रॅक्टर मिळाला. नाल्यात त्याचं चाक रुतलं, तासभर गेला. बाई घड्याळ पाहत काठावर उभ्या राहिल्या.

मुलीची आजी ओट्यावर बसली होती.

"अक्का, पोरगी कुठंय?" बाईंनी विचारलं.

"मझार (आत) शे. भाईर काढत नही. कशी गुबगुबीत व्हई गई, नजर लागी जाई."

आत आईच्या मांडीवर मुलगी होती. गाल फुगलेले.

"बाळसं धरं तिनी, मंग औषध बंद करी टाकं," आजी म्हणाली.

"हे बाळसं नाही, अक्का. औषधानं चेहरा सुजलाय."

"तुम्हले बठ्ठं (सगळं) वाईटच दिसस. तुम्हीच खाई ल्या काही, निस्ती हाडकं शेतस!"

आजीने कळण्याची (उडीद घालून दळलेल्या ज्वारीची) भाकरी आणि ठेचा पुढे सरकवला. मी खाल्लं. बाईंनी हात न लावता दुपटं बाजूला केलं. गाठीभोवती मांडी काळीनिळी झाली होती. पोटावर बारीक लाल ठिपके होते.

"हाई काल नव्हतं," आई म्हणाली.

"औषध कधी थांबवलं?"

"धा दिन व्हयनात."

बाईंनी बरोबर आणलेल्या बाटलीतून मुलीला तिथेच औषध पाजलं. "आजच धुळ्याला न्यायला हवं. रक्त आतल्या आत वाहायला लागलंय."

आजीने उठून नातीच्या गालावर काजळाची तीट लावली.

"चाला. मी बी येस."

संध्याकाळी धुळे गाठलं. मुलीचं रक्त काढलं. सुई टोचलेली जागा आईने वीस मिनिटं दाबून धरली, तेव्हा रक्त थांबलं.

मंगळवारच्या अहवालात रक्त गोठवणाऱ्या पेशी वाढल्या होत्या. बाईंनी टेपने गाठ मोजली. ती शनिवारी मोजली होती तेवढीच होती, वाढली नव्हती.